वयात येणे : एका शब्दाचा अर्थ

इंग्रजी वाचताना ‘प्युबर्टी’ हा शब्द आला, की वर्गात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मागच्या बाकावर कोणीतरी हसते आणि मुली माना खाली घालतात. आम्ही विद्यार्थी असताना एका शिक्षकांनी ‘हा भाग घरी वाचा’ असे सांगून पान उलटले होते. घरी तो कोणी वाचला असेल असे वाटत नाही, आणि घरी विचारण्याची सोय तर नव्हतीच. एका शब्दाला एवढे भ्यावे असे त्यात काय आहे, ते एकदा शांतपणे पाहावे, असे आम्हांस वाटते.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ ‘वाढलेला, प्रौढ’ असा होता. वाढत्या वयात ओटीपोटाखाली येणाऱ्या केसांनाही लॅटिनमध्ये तेच नाव होते. इंग्रजीत हा शब्द मुलगा आणि मुलगी या दोघांनाही सारखाच लागू पडतो. त्याच्या शेजारी ‘ॲडोलेसन्स’ आणि ‘ॲडल्ट’ असे आणखी दोन शब्द आहेत. हे दोन्ही ‘वाढणे’ या एकाच लॅटिन क्रियापदापासून निघाले : पहिल्याचा अर्थ वाढत असण्याची अवस्था, दुसऱ्याचा अर्थ वाढ पूर्ण झालेला. म्हणजे प्युबर्टी हा शरीरातील बदलांचा काळ, ॲडोलेसन्स ही शरीराबरोबर मन आणि बुद्धी यांचीही दीर्घ वाटचाल, आणि तिच्या शेवटी ॲडल्ट. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले, की अर्थाचा अनर्थ होतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत शब्दांची वाण आहे असे कोणी म्हणू नये. मुलीस न्हाण येते, पदर येतो, ती शहाणी होते. मुलास मिसरूड फुटते, त्याचा आवाज फुटतो. आमच्या पिरनवाडीच्या परिसरात कानडी शेजारीण ‘दोड्डवळादळु’, म्हणजे ‘मोठी झाली’, असे म्हणते. पुस्तकी भाषेत आपण ‘पौगंडावस्था’ म्हणतो. पण जुन्या संस्कृत गणनेत पौगंड हे वय दहाव्या वर्षापर्यंतचे, आणि त्यापुढे पंधरापर्यंत कैशोर! शब्द कसा सरकतो, याचे हे चांगले उदाहरण होय. मात्र यांतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलाविषयीचे शब्द केवळ शरीराचा बदल सांगतात. मुलीविषयीच्या शब्दांमागे मात्र मखर, ओटी आणि सासरची पाठवणी उभी असे. ‘वयात आली’ याचा अर्थ ‘संसाराला योग्य झाली’ असाच लावला जाई.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. पत्नीसही तेच लागू होते. पुढे कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या बळजबरीने मृत्यू पावली. १८९१ साली हे वय बारा करणारे विधेयक आले, तेव्हा महाराष्ट्रात आणि बंगालात मोठे वादळ उठले. प्रथम ऋतूनंतर गर्भाधान झालेच पाहिजे, मग मुलीचे वय काहीही असो, असे अनेकांचे म्हणणे होते. परकीय सरकारने आमच्या समाजात कायद्याने हात घालू नये, या भूमिकेवरून लोकमान्य टिळकांनी विधेयकास विरोध केला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून त्याची बाजू घेतली. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला. वादाच्या मुळाशी प्रश्न एकच होता : न्हाण येणे ही वाढीची सुरुवात की वाढीचा शेवट?

वैद्यकशास्त्राने त्याचे उत्तर दिलेले आहे. मेंदूतून पीयूषिका ग्रंथीस सूचना जाते आणि बदलास आरंभ होतो. मुलींमध्ये बहुधा आठ ते तेरा, मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात. मुलीची पहिली पाळी त्यानंतर साधारणपणे दोन-अडीच वर्षांनी येते, आणि तिच्यानंतरही कटीची हाडे वाढतच असतात. तेव्हा न्हाण हा शेवट नव्हेच. आज विवाहासाठी मुलीस अठरा आणि मुलास एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

कायदा झाला, पण मौन सुटले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आजही आई घराबाहेर बसली, तर लहान मुलास ‘कावळा शिवला’ एवढेच सांगणारी घरे आहेत. ज्या मुलीस आधी काहीच सांगितलेले नसते, ती पहिल्या दिवशी आपणांस मोठा आजार झाला असे समजून रडते. आवाज फुटलेल्या मुलास सगळे हसतात, आणि तो वर्गात उत्तर देणेच सोडतो. या दोघांचे हे दुःख केवळ आपल्या न बोलण्यातून निर्माण होते.

म्हणून आमचे मत असे : नवा शब्द घडविण्याची गरज नाही आणि इंग्रजी शब्दाच्या आड लपण्याचीही नाही. ‘वयात येणे’ हा आपला शब्द मुलास आणि मुलीस सारखाच शोभणारा आहे. त्याला चिकटलेला लग्नाचा अर्थ आणि विटाळाची भीती तेवढी झाडून टाकावी. आईने मुलीशी आणि वडिलांनी मुलाशी वेळेआधीच बोलावे; शिक्षकांनी ते पान न उलटता वाचावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, मागच्या बाकावरून तुम्हीही हसू नका. कारण जो बदल आज शेजारच्या बाकावर आहे, तो उद्या तुमच्याही वाट्यास येणार आहे. वयात येणे म्हणजे मोठे होऊन चुकणे नव्हे, मोठे होऊ लागणे आहे. वाढणाऱ्या रोपास ऊन-पाणी देतात, तसे वाढत्या मुलास खरे काय ते सांगावे, एवढीच आमची विनंती.