तळ त्यांचे, संमती कोणाची?

परकीय सैन्याला आपल्या भूमीवर थारा देण्यास एखादे राष्ट्र राजी कसे होते, की त्याला राजी केले जाते, हा प्रश्न फिलिपाईन्सइतका दुसऱ्या कोणत्याही देशाने क्वचितच सोसला असेल. १९४७ साली अमेरिकेने तेथील लष्करी तळ ९९ वर्षांच्या कराराने मिळविले. १९६६ मध्ये ती मुदत २५ वर्षांवर आली. ती संपताना सुबिकचा नाविक तळ आणखी दहा वर्षे अमेरिकेकडे ठेवणारा नवा करार पुढे आला. वर्षाला २०.३ कोटी डॉलर देऊ करण्यात आले आणि अध्यक्षा कोराझोन अक्विनो स्वतः त्याच्या समर्थनार्थ मोर्चा घेऊन निघाल्या. तरीही १६ सप्टेंबर १९९१ रोजी सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तो करार फेटाळला. नोव्हेंबर १९९२ मध्ये अखेरच्या अमेरिकी तुकडीने सुबिक सोडले.

त्याच देशात २०२३ अखेर अमेरिकी सैन्याला नऊ लष्करी ठिकाणे वापरावयास खुली झाली होती. हे परिवर्तन घडले कसे, याचा अभ्यास प्रत्येक समाजवादी कार्यकर्त्याने करावयास हवा.

पहिला बदल भाषेत झाला. २८ एप्रिल २०१४ रोजी झालेल्या ‘वर्धित संरक्षण सहकार्य करारा’त ही ठिकाणे ‘मान्य स्थळे’ ठरली. जमिनीची मालकी फिलिपाईन्सची, फौजा ‘आळीपाळीने’ येणाऱ्या, भाडे नाही. परंतु धावपट्टी, इंधनाचे साठे, कोठारे आणि परक्या सैनिकांचा सततचा राबता जेथे आहे, त्या जागेला लोक तळच म्हणणार.

दुसरी मदत निसर्गाने केली. कराराची बोलणी ऑगस्ट २०१३ मध्येच सुरू झाली होती. नोव्हेंबरात हैयान वादळाने सहा हजारांहून अधिक बळी घेतले आणि अमेरिकी विमानवाहू जहाज अन्नपाणी घेऊन धावून आले. ती मदत खरी होती, तिची कृतज्ञताही खरी होती. मात्र बुडत्याला हात देणाऱ्याने पुढे त्याच्या घराची किल्ली मागावी, हा न्याय नव्हे. मदतकार्यासाठी साठे हवेत, असे सांगत लष्करी करार लोकांच्या गळी उतरविण्यात आला.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे आणि डाव्यांनी त्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चीनने १९९५ मध्ये मिसचिफ प्रवाळद्वीप बळकावले, २०१२ मध्ये स्कारबरो शोलवर ताबा बसविला आणि १२ जुलै २०१६ चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निवाडा धुडकावला. फिलिपिनो बोटींवर पाण्याचे मारे झाले, मच्छीमारांची पिढीजात मासेमारीची जागा हिरावली गेली. चीनच्या सत्ताधारी पक्षावर साम्यवादाची पाटी आहे, म्हणून या दंडेलीला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. फिलिपिनो जनतेची भीती कोणी बनावट रीतीने निर्माण केलेली नाही.

पण भीती खरी असली, की संमतीही खरी ठरते काय? १९८७ च्या फिलिपिनी राज्यघटनेनुसार परकीय तळ, सैन्य वा सुविधा यांना सिनेटने मान्य केलेल्या तहाखेरीज परवानगी नाही; काँग्रेसने आवश्यक मानल्यास सार्वमतही घ्यावे लागते. तरीही २०१४ चा करार कार्यकारी करार म्हणून सिनेटपुढे न नेताच अमलात आणला गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये सिनेटने ठराव करून आपली संमती आवश्यक असल्याचे बजावले. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. कायद्याचा प्रश्न मिटला, लोकशाहीचा मिटला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये चार नव्या स्थळांची घोषणा झाली. ती कोठली, हे अधिकृतपणे एप्रिलमध्ये सांगण्यात आले. त्यांतील दोन तैवानकडे तोंड करून असलेल्या कागायान प्रांतात आहेत. त्या प्रांताच्या गव्हर्नरांनी उघड विरोध केला होता. युद्ध पेटले तर पहिला मारा ज्यांच्या गावावर होईल, त्यांना निर्णयानंतर कळवायचे आणि त्याला जनतेचा पाठिंबा म्हणायचे, ही रीत लोकशाहीची नव्हे.

न्यायाची कथाही तशीच. २००५ मध्ये सुबिक येथे एका फिलिपिनी स्त्रीवर बलात्कार केल्याबद्दल दोषी ठरलेल्या अमेरिकी सैनिकाला फिलिपाईन्सच्या तुरुंगातून अमेरिकी दूतावासात हलविण्यात आले. २००९ मध्ये अपिलात तो सुटला. २०१४ मध्ये एका ट्रान्सजेंडर तरुणीचा जीव घेणाऱ्या सैनिकास २०२० मध्ये अध्यक्षांची माफी मिळाली. तळाभोवतीच्या वस्त्यांना या गोष्टी विसरता येत नाहीत.

समर्थक म्हणतात, जनमत चाचण्यांत अमेरिकेविषयीचा विश्वास मोठा आहे. तसे असेल, तर करार सिनेटपुढे नेण्यास संकोच कशाचा होता? ज्याला बहुमताची खात्री असते, तो मतदानाला भीत नाही.

भारताने हा विषय दूरचा मानू नये. १९९१ च्या आखाती युद्धात चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई व इतरत्र इंधन घेऊ दिले. विरोध होताच ते थांबवावे लागले. ऑगस्ट २०१६ मध्ये, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, अमेरिकेशी रसदविनिमयाचा करार झाला. त्यात तळ देण्याची तरतूद नाही, हे मान्य करावयास हवे. पण आपल्या राज्यघटनेत परराष्ट्रीय करारांना संसदेची मंजुरी घेण्याचे बंधनच नाही. फिलिपाईन्समध्ये जे टाळावे लागले, ते येथे टाळण्याचीही गरज नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. परकीय सैन्याला भारतीय बंदरे, विमानतळ वा कोठारे वापरू देणारा प्रत्येक करार पूर्ण मसुद्यासह संसदेपुढे मतास आला पाहिजे. संबंधित भागातील लोकांचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकले गेले पाहिजे. आणि सैनिकाच्या गुन्ह्याचा न्याय येथील न्यायालयात, शिक्षा येथील तुरुंगात झाली पाहिजे. सत्तेवर कोणताही पक्ष असो, समाजवादी कार्यकर्त्यांनी ही मागणी आजच गावोगाव नेली पाहिजे. परकीय जहाज धक्क्याला लागल्यावर तिला अर्थ उरणार नाही.