निवारा आणि घर

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर २०२५ साली देशात जेवढी चर्चा झाली, तेवढी त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने राजधानी दिल्ली आणि तिच्या परिसरातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अवघ्या अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, त्रिसदस्य पीठाने तो सौम्य केला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली किंवा आक्रमक असतील तेवढी मात्र सोडू नयेत, असे सांगून पीठाने प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढवली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांतून कुत्री हलवावीत आणि ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असाही आदेश निघाला. या आदेशांवर अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ लिहिले गेले. परंतु २२ ऑगस्टच्या आदेशातील एका तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्राणिप्रेमी नागरिकांना भटकी कुत्री दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येईल आणि ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी अर्जदारांवर राहील, असे न्यायालयाने म्हटले होते.

तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र दत्तक कोणाला घेतले जाते, हा प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला आहे. कुत्रे पाळू इच्छिणारे कुटुंब निवाऱ्याच्या दारात येते ते पिल्लू शोधत. दोन महिन्यांचे गुबगुबीत पिल्लू मुलांच्या हाती लागते आणि मंडळी आनंदाने घरी जातात. शेजारच्या कोठडीतले आठ वर्षांचे, तोंडाशी पांढरे झालेले, एका डोळ्यात सारा वाढलेले कुत्रे उठून दारापर्यंत येते आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. पिल्लांचे आयुष्य निवाऱ्याबाहेर सुरू होते. म्हाताऱ्यांचे निवाऱ्यातच संपते. आदेशांमुळे निवाऱ्यांत जाणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढणार असेल, तर तेथे म्हातारी होणाऱ्यांची संख्याही वाढणार, हे उघड आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. दत्तकविधानाने भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल, असे कोणी मानू नये. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती आणि त्यांपैकी पावणेतेरा लाख महाराष्ट्रात होती. एवढ्यांना घरे मिळणे अशक्य आहे. रेबीजने आजही या देशात दरवर्षी हजारो माणसे मरतात आणि त्यांत गरिबांच्या मुलांचा भरणा मोठा असतो. ज्याच्या लेकराचा लचका तोडला गेला, त्याला भूतदयेचे प्रवचन ऐकवणे हा उद्धटपणा होय. त्यावरचा उपाय २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांत सांगितलेला आहे. तो म्हणजे सातत्याने आणि मोठ्या प्रमाणावर केलेली नसबंदी व लसीकरण. महापालिकांनी तो मनापासून राबवला असता, तर न्यायालयाला एवढे कठोर व्हावे लागले नसते. प्रस्तुत प्रश्न त्याहून लहान आहे आणि म्हणूनच सुटण्याजोगा आहे. एकेकाळी घरात वाढलेली आणि मालकाने टाकून दिलेली, अपघातात जायबंदी होऊन रस्त्यावर परत जाऊ न शकणारी, किंवा सेवेतून निवृत्त झालेली वयस्क कुत्री यांचा हा प्रश्न आहे. माणसाच्या सहवासाची त्यांना सवय आहे. नाही ते फक्त माणूस.

निवारा म्हणजेच दया, ही समजूत आपल्याकडे बरीच जुनी आहे. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारने मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा शहरात दंगल उसळली. कुत्र्याला धर्मविधीत स्थान देणारा पारशी समाज तीत अग्रभागी होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. टाकून दिलेल्या कुत्र्यांना मरणातून वाचवणे, हाही त्यामागचा एक हेतू होता. त्या काळी पांजरापोळ ही मोठीच पुढारलेली गोष्ट होती आणि तिच्या संस्थापकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु जीव वाचवणे निराळे आणि जगवणे निराळे. वर्गणी दिली, गाडीतून जनावर पोचवले की आपले कर्तव्य संपले, असे समाधान मानण्याची सोय निवाऱ्याने करून दिली, हेही तितकेच खरे.

निवारा कितीही चांगला चालवला, तरी म्हाताऱ्या कुत्र्याला तो मानवत नाही. सिमेंटच्या फरशीवर दुखरे सांधे आखडतात. तरुण कुत्र्यांच्या झोंबाझोंबीत त्याच्या वाट्याचे अन्न दुसरेच खातात. अहोरात्र भुंकणे चालू असते, त्यामुळे झोप लागत नाही. नवी जनावरे रोज येत असल्याने संसर्गाचे भय कायमचे असते. शिवाय, ज्याचे सारे आयुष्य एका माणसाच्या पावलांची चाहूल घेण्यात गेले, त्याला दिवसाकाठी दहा मिनिटे मिळणारा सेवक पुरा पडत नाही. यात सेवकांचा दोष नाही. शंभर जनावरांमागे दोन-चार माणसे असली, तर याहून वेगळे काय होणार?

म्हाताऱ्या कुत्र्याला घर मिळू शकत नाही, हे म्हणणे मात्र अनुभवाने खोटे ठरले आहे. लष्करातील कुत्री निकामी झाल्यावर त्यांना मारून टाकले जात असे, ही गोष्ट २०१५ साली माहितीच्या अधिकारातील एका उत्तराने लोकांसमोर आली. देशभर संताप व्यक्त झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सरकारला धोरण बदलणे भाग पडले. २००८ च्या नोव्हेंबरमधील हल्ल्याच्या वेळी मुंबई पोलिसांच्या पथकात काम केलेली मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर ही चार कुत्री निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका शेतावर राहिली. सांधेदुखीने आणि वयाने थकलेली ही कुत्री २०१६ साली एकामागून एक गेली. सीझर त्यांतला शेवटचा. शेवटची वर्षे त्यांना मोकळी जमीन आणि ओळखीची माणसे लाभली. तात्पर्य, समाजाने मनावर घेतले तर जे काल अव्यवहार्य वाटत होते ते आज रीतसर होऊ शकते. मानपत्र मिळालेल्या कुत्र्यांना जे मिळाले, ते ज्यांनी केवळ एखाद्या घराचा उंबरठा राखला त्यांना का मिळू नये?

व्यवहाराच्या दृष्टीनेही वयस्क कुत्र्याचा विचार करण्याजोगा आहे. पिल्लू किती मोठे होईल, त्याचा स्वभाव कसा निघेल, हे कोणी सांगू शकत नाही. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याबाबत या दोन्ही गोष्टी समोर दिसत असतात. चपला कुरतडण्याचे आणि घरभर घाण करण्याचे त्याचे दिवस बहुधा मागे पडलेले असतात. त्याला मैलोगणती धावायचे नसते. सकाळ-संध्याकाळ एक संथ फेरी पुरते. मुले परगावी वा परदेशी गेलेल्या निवृत्त दांपत्याने सत्तरीत पिल्लू आणले, तर बारा-चौदा वर्षांची जबाबदारी अंगावर येते आणि ती पार पडेल की नाही, ही चिंता दोघांनाही असते. प्रौढ कुत्रे त्यांच्या दिनक्रमाशी सहज जुळते. अर्थात, खर्चाकडे डोळेझाक करून चालणार नाही. दात, मूत्रपिंड, सांधे, मोतीबिंदू यांपैकी काहीतरी निघतेच. पहिले काही दिवस ते कोपरा सोडत नाही, अन्नाला तोंड लावत नाही. विश्वास बसायला आठवडे, कधी महिने लागतात. आणि वियोगाचे दुःख लवकर येते. हे सारे ठाऊक असूनही जो त्याला घरी आणतो, त्याचेच दत्तकविधान टिकते. उत्साहात नेलेले कुत्रे पंधरा दिवसांनी परत आणून सोडणे, हा त्या प्राण्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

म्हणून ही बाब एकट्यादुकट्या प्राणिमित्राच्या भावनेवर सोपवता येणार नाही. महापालिकांनी आपल्या निवाऱ्यांतील वयस्क कुत्र्यांची वय, प्रकृती आणि स्वभाव यांसह नोंदवही ठेवून ती लोकांसाठी खुली करावी. घरी देण्यापूर्वी पशुवैद्यकीय तपासणी आणि रेबीजची लस सक्तीची असावी. एक-दोन महिने सांभाळून पाहण्याची मुभा कुटुंबाला द्यावी. औषधोपचाराचा काही भार सार्वजनिक पशुरुग्णालयांनी उचलावा. निवाऱ्यात त्याच कुत्र्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा तो फार अधिक होणार नाही. गृहनिर्माण संस्थांनाही पाळीव प्राणी ठेवण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणिकल्याण मंडळाने वारंवार सांगितले आहे. मागच्या दाराने होणारी सोडवणूकही थांबली पाहिजे. पाळलेला प्राणी टाकून देणे हा १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा! जाहिरातीत पाहून पग किंवा हस्की विकत घ्यायचा, मुंबईच्या उकाड्यात त्याला धाप लागू लागली की महामार्गावर उतरवून द्यायचा, आणि ही चैन पन्नास रुपयांत भागवायची, असा याचा अर्थ होतो. हा दंड जरब बसेल एवढा वाढवण्यास संसदेला कोणती अडचण आहे, हे कळत नाही.

भाकड जनावराचे काय करायचे, हा आपल्या शेतकऱ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला प्रश्न दारिद्र्यातून आलेला आहे. त्याला दोष देता येत नाही. शहरातील सुखवस्तू माणूस मात्र गरजेपोटी कुत्रे पाळत नाही. तो हौसेने आणतो आणि कंटाळून सोडतो. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची कथा ऐकून आपण कीर्तनात माना डोलावतो. भाकरी कोरडी लागू नये, एवढीच त्या कथेतील नामदेवांची तळमळ होती. निवाऱ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला भाकरी मिळते. ती हाताने भरवणारे कोणी मिळत नाही. पुढच्या वेळी पिल्लू आणायला जाणाऱ्याने त्या कोपऱ्यापर्यंत चार पावले अधिक टाकावीत, एवढीच अपेक्षा आहे.