गाडीखाली झोपायला इंजिनिअर केलं का?

हा प्रश्न माझ्या वडिलांचा. एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी साडेनऊ वाजता, पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये विचारलेला. बाबा कोल्हापूरहून चार दिवस राहायला आले होते. दूध आणायला खाली उतरले, तर गाडीच्या पुढच्या बाजूखालून मुलाचे दोन पाय बाहेर आलेले दिसले. शेजारी जुन्या चादरीवर काढून ठेवलेला बंपर. "तुला इंजिनिअर केलं ते गाडीखाली झोपायला?" एवढं बोलून ते दूध आणायला गेले.

मी उत्तर दिलं नाही. हातात दहाचा पाना होता आणि बोल्ट अर्धा सुटला होता. आता देतो. ते एकट्या बाबांना नाही. सोसायटीच्या कमिटीला आहे, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरला आहे, कायद्याला आहे आणि माझ्याच जातकुळीच्या रीलवाल्या पोरांनाही आहे.

आधी मी काय करत होतो ते सांगतो. माझी गाडी जुनी टर्बो डिझेल आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखीनं या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. अडचण एकच, दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तेच इथं मोठ्या प्रमाणात. पुण्यातली ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती जवळजवळ १३८ अंशांची होऊन बाहेर पडते. गरम हवा विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. तो दिसतो रेडिएटरसारखा, पण पाण्याऐवजी त्यातून हवाच वाहते. तीच हवा ६५ अंशांवर आणली तर त्याच दाबाला सुमारे एक पंचमांश जास्त हवा सिलिंडरमध्ये जाते. डिझेल नीट जळतं, काळा धूर कमी होतो.

हे गणित मी कॉलेजात पेपरात लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. चार वर्षं मेकॅनिकल शिकलो. त्या चार वर्षांत एकदाही इंटरकूलर हातात धरला नाही. मग सगळ्यांसारखा सॉफ्टवेअरमध्ये गेलो.

माझ्या गाडीला कंपनीनं दिलेला इंटरकूलर छोटा होता, बंपरच्या कोपऱ्यात कोंबलेला. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी दमायची. मी जरा मोठा, पुढच्या जाळीमागे बसणारा घेतला. कामाला दोन रविवार लागले. बॅटरीची वायर काढली. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. बंपरच्या क्लिपा काढल्या, त्यातल्या तीन तोडल्या. जुन्या पाइपातून तेलाचा पातळ थर निघाला. तेवढा असतोच; वाटीभर तेल निघालं असतं तर टर्बोचं सील गेलं असं समजायचं. धडक झेलणारा आडवा बीम कापला नाही, एअरबॅगच्या सेन्सरला हात लावला नाही. नवा इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरपुढे येतो आणि त्याची थोडी हवा अडवतो, म्हणून मध्ये फट ठेवली. सिलिकॉनचे होज, पट्टीचे क्लॅम्प, एक अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आखूड करून बसवला. हा पाइप लक्षात ठेवा.

काम झाल्यावर दिवे घाटात गेलो. आधी याच घाटात, याच वेळी, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर ७४ अंश दिसलं होतं. आता ५३ दिसलं. घोडे वाढले का? नाही. डिझेल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, त्याला मी हात लावला नव्हता. गाडी घाटात दमायची थांबली, एवढंच. मला एवढंच हवं होतं.

आता भांडण.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली : पार्किंगमध्ये गॅरेजची कामे करू नयेत. तेल सांडलं असतं, दुपारी ठोकाठोक केली असती, तर नोटीस मला मान्य होती. खाली पुठ्ठे पसरले होते, एकाच्या आत आवरलं होतं. त्याच पार्किंगमध्ये रोज सकाळी पाइप लावून दहा गाड्या धुतल्या जातात, त्यावर नोटीस नाही. सेक्रेटरी काका भेटले तेव्हा खरं कारण त्यांच्या तोंडून निघालं. "अरे, आपल्या लोकांना हे शोभतं का? दोनशे रुपये दिले की पोरगा येऊन करून जातो."

आपले लोक कोण आणि तो पोरगा कोण, हे काकांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आपण खंडेनवमीला पान्या-हातोडीला हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. दुसऱ्या दिवसापासून तीच हातोडी धरणाऱ्याला "ए" म्हणून हाक मारतो आणि चहा वेगळ्या कपातून देतो. ज्याला आवाज ऐकून बेअरिंग गेलं हे कळतं तो "पोरगा". ज्याला एक्सेलची शीट भरता येते तो "सर". काम करणाऱ्या हाताची किंमत हात कुणाचा आहे यावर ठरवण्याची ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. इंजिनिअरिंगच्या डिग्रीनं ती गेली नाही. डिग्रीनं फक्त हात न लावण्याचं सर्टिफिकेट दिलं.

दुसरा मुद्दा सर्व्हिस सेंटरचा. तिथं मी आधी विचारलं होतं. उत्तर आलं, बाहेरचा एक स्क्रूही लावलात तर आमची जबाबदारी संपली. माझ्या गाडीची वॉरंटी संपून सहा वर्षं झाली होती, तरी धमकी तीच. आपण विकत घेतलेल्या वस्तूचं झाकण आपणच उघडायला घाबरावं, अशी ही व्यवस्था आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण हेच : सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. काउंटरवरचा माणूस मात्र अजून तेच वाक्य बोलतो.

तिसरा मुद्दा कायद्याचा, आणि इथं मी अंग चोरणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. रात्री अडीचला फटाके फोडत जाणारे सायलेन्सर आणि डोळ्यांत घुसणारे पांढरे दिवे पाहिले की या कायद्याची गरज मलाही पटते. गाडीचा आवाज म्हणजे आपला आवाज असं समजणारी, बंपर कापून रील टाकणारी आणि क्लॅम्प किती घट्ट हवा हे माहीत नसणारी पोरं माझ्या बाजूची नाहीत. त्यांच्यामुळेच मला चोरासारखं वागावं लागतं.

पण जर्मनीत हेच काम केलं तर गाडी तपासनिसाकडे नेता येते. तो बदल बघतो, मोजतो, पटला तर गाडीच्या कागदावर नोंद करतो. नाही पटला तर काढायला लावतो. आपल्याकडेही सीएनजी किट मंजुरीनं बसवता येतं आणि आरसीवर नोंद होते. म्हणजे खिडकी उघडता येते. माझ्यासारख्यासाठी ती उघडलेली नाही. जिथं दाखवायची सोय नाही, तिथं लोक लपवतात. आरटीओपासून लपवतात, विमा कंपनीपासून लपवतात. आणि लपवलेल्या कामातली चूक कुणालाच दिसत नाही.

हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. त्याच आठवड्यात बाबांना सोडायला कोल्हापूरला निघालो. खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि बंपरमधून फट्‌ असा आवाज आला. गाडीचा जीव गेला. आरशात फक्त काळा धूर. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत अगदी खेटून गेला. बाबांनी दाराची मूठ धरली होती ती सुटेना. कशीबशी गाडी कडेला घेतली.

पारगावहून एक मिस्त्री दुचाकीवर आले. पन्नाशीचे. खाली वाकले, सुटलेला होज काढला, माझ्या आखूड केलेल्या पाइपाच्या टोकावरून बोट फिरवलं.

"हे कुणी कापलं?"

"मी."

"मग याचा ओठ कुठाय?"

पाइपाच्या टोकाला बाहेरून एक उंचवटा असतो, होज निसटू नये म्हणून. मी पाइप कापताना तो कापून टाकला होता. सपाट टोक, त्यावर तेलाचा थर आणि भरल्या गाडीचा चढ. होज सुटणारच होता. दिवे घाटात मी एकटा होतो, गाडी रिकामी होती, म्हणून तो टिकला. मिस्त्रींनी पाइप आणि होज पेट्रोलनं पुसले, दोन क्लॅम्प शेजारी शेजारी आवळले आणि म्हणाले, "रेटू नका. कोल्हापुरात ओठ काढून घ्या." दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये ते काम दहा मिनिटांत झालं.

"बघ, म्हणूनच म्हणत होतो," असं म्हणायला ही घटना सगळ्यांना सोपी आहे. चूक माझी होती, हे मान्यच आहे. बाबांचा जीव मी टांगणीला लावला होता आणि त्याची लाज मला आहे. पण त्या मिस्त्रींना जे बोट फिरवून पाच सेकंदांत कळलं, ते आदल्या आठवड्यात कुणी अधिकारानं तपासलं असतं तर घाटात काही झालंच नसतं. माझा गुन्हा हात काळे करण्याचा नव्हता. मी ते काम कुणाला दाखवलं नाही, हा होता. दाखवायला मला दोनच जागा होत्या. एका ठिकाणी दंड होता आणि दुसऱ्या ठिकाणी "शोभतं का" होतं.

म्हणून मागणी साधी आहे. आरटीओत एक खिडकी उघडा. फी घ्या, गाडी उचला, पाइपाच्या टोकावरून बोट फिरवा, नापास करा. त्या खिडकीमागे पारगावच्या मिस्त्रींसारखा माणूस बसवा आणि त्याला सरकारी पगार द्या. कॉलेजांनी पोरांना पहिल्या वर्षी एक इंजिन उघडू द्यावं आणि त्यांच्याकडूनच पुन्हा बंद करून घ्यावं. सोसायट्यांनी रविवारी सकाळचे तीन तास आणि पार्किंगचा एक कोपरा द्यावा. तेल सांडलं तर दंड लावावा.

घाटात त्या दिवशी मिस्त्री निघाले तेव्हा बाबांनी त्यांना "अहो, थांबा जरा" म्हणून थांबवलं आणि थर्मासमधला चहा आधी त्यांना दिला, आपल्याच कपातून. मग मला म्हणाले, "पाना कसा धरायचा ते नीट शिकून घे यांच्याकडून." गाडीखाली झोपायचं की नाही, यावर ते अजून काही बोललेले नाहीत.