नऊ सुरांत काय बसेल?

शाळांच्या राष्ट्रीय बँड स्पर्धेत ब्रास बँडबरोबर पाइप बँडचाही वेगळा गट असतो. म्हणजे बॅगपाइप आता फक्त पलटणींचा राहिलेला नाही. कुंभार पिंपळगावसारख्या बाजारपेठेच्या गावातल्या शाळेनं उद्या तो घ्यायचं मनावर घेतलं, तर पहिली ओरड पैशांची होईल. त्याहून अवघड प्रश्न मागाहून येईल: वाजवायचं काय?

‘आपल्या चाली’ हे उत्तर तयारच असतं. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट या सैनिकी सोहळ्यातही २०२२ साली ‘अबाइड विथ मी’ हे इंग्रजी स्तोत्र वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगों’ घेतलं गेलं. पण वाद्याला अभिमानाची भाषा कळत नाही. बॅगपाइपच्या नळीवर सूर नऊच: खाली मंद्र कोमल निषाद, मग सा, रे, ग, म, प, ध, पुन्हा कोमल नी आणि तार सा. त्याच्या वर काही नाही. खांद्यावरच्या नळ्या, म्हणजे ड्रोन, एकसारखा ‘सा’ धरून असतात. हवा पिशवीतून येते, त्यामुळे सूर मध्येच थांबत नाही की हलका-जोरकस होत नाही. एकच सूर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मध्ये दुसऱ्या सुराचा निसटता कण द्यावा लागतो.

एवढ्यात भूप आणि दुर्गा हे राग निर्धास्त बसतात. म्हणून भूपातल्या भजनी चाली सोप्या जातील. जात्यावरच्या ओव्या तर चार-पाच सुरांतच फिरतात. लेझमीच्या ठेक्यावरच्या चालींना हलगीची जोड दिली तर मैदानावर त्या शोभतीलही. अडचण पिलूतल्या लावणीची आणि भैरवीची. पोवाड्यात शाहीर वर चढला की नळी संपते.

जाणकार पाइपर यावर तोड सांगतात: ‘सा’ हलवा. मध्यमाला सा मानलं तर शुद्ध स्वर मिळतात आणि ड्रोन पंचमाचा होतो. हे कानाला गोडच लागतं. रिषभाला सा मानलं तर मालकंसाचे पाचही सूर बोटांखाली येतात. पण तेव्हा ड्रोन कोमल निषादावर अडून बसतो, आणि तिथे भजनाचा जीव जातो. ड्रोनला बूच लावता येतं, छिद्रांवर चिकटपट्टी लावून सूर उतरवताही येतात. मग मात्र प्रश्न पडतो, ड्रोनच बंद करायचा तर बॅगपाइप कशाला? सनई काय वाईट होती? तिच्याजवळ सूर धरणारा जोडीदारही असतोच.

विरुद्ध बाजूचं म्हणणं हलकं नाही. पेटीही परकीच. मींड निघत नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळातही गावोगावची भजनं पेटीवरच चालली. चाली वाद्याबरोबर बदलतात, त्यात विटाळ कसला? खरं आहे. फक्त पेटीत बाराही स्वर होते. तिनं चालीचा लहेजा घेतला, सूर घेतला नाही. बॅगपाइपसाठी कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार वाजवला तर चाल वेगळीच होते आणि पोरांच्या कानात तीच बसते. एकदा बसली की तीच खरी वाटू लागते, याची मला जास्त धास्ती.

म्हणून कल निवडीकडे. चाल कापू नये, चाली शोधाव्यात. कुंभार पिंपळगावजवळच समर्थ रामदासांचं जांब समर्थ आहे, दिंड्या आणि भजनी मंडळं आहेत, आणि दळणाच्या ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. बँड मास्तरनं आधी त्यांच्याकडे बसावं. ओवी त्यांच्या तोंडून मोबाइलवर घ्यावी, तिचा सर्वांत खालचा आणि वरचा सूर पाहावा, मग ती ड्रोनवर गाऊन बघावी. खटकली तर सोडून द्यावी, चाल कितीही लाडकी असली तरी. हाताशी दहा चाली आल्या तरी शाळेच्या बँडला वर्षभर पुरतात. भैरवी सनईवाल्याकडेच राहू द्यावी. लग्नसराईत डीजेनं त्याचं काम आधीच कमी केलंय.