मुखारोग्याची उपेक्षा

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीची बाधा झाल्याचे त्याने केलेल्या रक्तदानातून कळले, आणि सरकारने त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबून ठेवले. विनाअपराध कोठडी म्हणजे काय, हे १९६१ पूर्वी ज्या भूमीने पाहिले होते, तिथेच हे घडले. रुग्णाच्या पेल्याने, थुंकीने रोग पसरेल, अशी तेव्हाची भीती. वस्तुतः लाळेतून हा रोग पसरत नाही; लाळेतील काही प्रथिने या विषाणूला निष्प्रभच करतात. तरीही रुग्णाच्या तोंडाचे भय पुरते गेलेले नाही.

खरे पाहता धोका असतो तो त्या रुग्णाच्याच तोंडाला. मानवी मुखात जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. ते सगळेच वैरी नव्हेत; एकमेकांना आवर घालीत ते नांदतात, आणि लाळ व शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर पहारा ठेवतात. एचआयव्हीचा घाव पडतो तो नेमका सीडी-४ या पेशींवर. पहारा ढिला पडला की एरवी निमूट असणारी कँडिडा ही बुरशी जिभेवर व टाळ्यावर दह्यासारखा पांढरा थर धरते, हिरड्यांतून रक्त येते, आणि क्वचित दातांभोवतीचे हाडही झपाट्याने झडते. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्या पाच तरुणांपासून या रोगाची नोंद सुरू झाली, त्या पाचही जणांना कँडिडाचा उपद्रव झालेला होता.

१९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार आला. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकार तो मोफत देऊ लागले. त्याने बुरशीचा हा थर बहुतांशी हटला, माणसे वार्धक्यापर्यंत जगू लागली. पण तोंड पूर्ववत होतेच असे नाही. लाळग्रंथींना इजा झालेली असते, काही औषधांनीही तोंडाला कोरड पडते. लाळ आटली की आम्ल तयार करणारे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, लॅक्टोबॅसिलस यांसारखे जिवाणू बळावतात व दात किडतात. हिरड्यांचा दाह औषधे चालू असतानाही टिकून राहू शकतो. त्यात तंबाखू वा मशेरीची सवय असेल, तर विचारायलाच नको!

असा रुग्ण दंतवैद्याकडे जायला कचरतो, आणि आपला आजार लपवून जातो. दोष त्याचा कसा म्हणावा? २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारण्यास त्याने मनाई केली आहे. दंतवैद्याला वेगळी खबरदारीही नको. हातमोजे आणि निर्जंतुक उपकरणे ही प्रत्येक रुग्णासाठी असावयाचीच. कारण बाधा झाल्याचे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, तोही त्याच खुर्चीत बसतो.

गोमेकॉ आणि गोवा दंत महाविद्यालय ही दोन्ही बांबोळीच्या एकाच पठारावर आहेत. एचआयव्हीची औषधे नेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर दर सहा महिन्यांची दंततपासणीची तारीख लिहिली जावी, ही आमची मागणी आहे. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही.