झिंगाट : मुळातले आणि नकलेतले

मूळ गाणे ते सोने आणि त्यावरून केलेले ते पितळ, असे मानणारा एक मोठा वर्ग आपल्या महाविद्यालयात आहे. त्यात प्राध्यापक आहेत तसे विद्यार्थीही आहेत. स्नेहसंमेलनात कोणी जुन्या गाण्याच्या नव्या अवतारावर नाच बसवला, की पहिल्या रांगेतली काही तोंडे आंबट होतात. मला हे मत मान्य नाही. पण "नाचायला मजा आली, संपले" हे मागच्या रांगांचे उत्तरही मला पुरत नाही. नक्कल करावी की नाही, हा माझ्या मते प्रश्नच नव्हे. नक्कल करताना काय उचलले आणि काय गाळले, हे पाहिले पाहिजे.

उदाहरण थोडे लांबचे घेतो. पश्चिम जर्मनीतील म्युन्स्टर गावच्या 'अल्फाव्हिल' या तिघा तरुणांच्या मंडळीने जानेवारी १९८४ मध्ये आपली पहिली तबकडी काढली. गाण्याचे नाव 'बिग इन जपान'. सारा डोलारा सिंथेसायझरवर उभा आणि त्यावर मारियान गोल्ड याचा उंच आवाज. पश्चिम जर्मनीत, स्वीडनमध्ये, स्वित्झर्लंडमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेतल्या नृत्यगृहांच्या यादीतही पहिले आले. लोक त्यावर रात्र रात्र नाचले. आता हे नाव म्हणजे त्या धंद्यातली एक थट्टा आहे. ज्याला घरी कोणी विचारत नाही तो सांगतो, "तिकडे जपानात माझे मोठे नाव आहे हो!" आणि गाण्यात आहे काय? बर्लिनच्या झू स्टेशनाभोवती भटकणारी, हेरॉइनच्या विळख्यात सापडलेली एक प्रेमी जोडी. यातून सुटलो तर आपले आयुष्य कसे होईल, याचे स्वप्न ती पाहते आहे. नाचणाऱ्यांपैकी हे कितींच्या ध्यानात आले असेल?

सोळा वर्षांनी, २००० साली, ग्योटिंगेनच्या 'ग्वानो एप्स' या मंडळीने तेच गाणे गिटारच्या दणक्यात पुन्हा केले. सांड्रा नासिच ही गायिका ते जवळजवळ ओरडून म्हणते. शुद्धतावाद्यांना ते रुचणार नाही. मला मात्र वाटते, की मूळच्या थंड, गुळगुळीत सुरात जी तडफड झाकली गेली होती ती या ओरडण्यात उघडी पडली. इथे नकलेने मुळाची सेवाच केली.

आता घरी येऊ. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वी फेब्रुवारीत तो बर्लिनच्याच चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता, हा योगायोग मला गंमतीचा वाटतो. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट करमाळ्याच्या परिसरात घडतो आणि तिथलीच बोली बोलतो. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी थेट अमेरिकेत जाऊन तिथला मोठा वाद्यवृंद वापरला, पण 'झिंगाट' ऐकताना डोळ्यांपुढे उभी राहते ती गावची मिरवणूक. पाय आपोआप उचलतात. आणि ज्यांच्यासाठी आपण नाचतो ती पाटलाची आर्ची आणि मासेमाराचा परशा शेवटी जातीपायी मारली जातात. मागे उरते ते लहान मूल आणि त्याची रक्ताळलेली पावले. चित्रपट पाहिल्यानंतर पुन्हा 'झिंगाट' ऐकले, की त्या तालाखाली काहीतरी टोचत राहते. निदान मला तरी टोचते.

२०१८ च्या जुलैमध्ये 'धडक' आला. संगीतकार तेच, निर्मितीत झी स्टुडिओही तोच, ताल तोच. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. हिंदीला 'झिंगाट' या शब्दाला जोड सापडली नाही, म्हणून तो तसाच ठेवावा लागला. मराठी माणसाने यावर कॉलर ताठ करावी, मलाही बरे वाटले. पण बाकीचे पाहा. करमाळा गेला, उदयपूरचा राजवाडा आला. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची गेली. जात एखाद्या वाक्यापुरती आली आणि निसटली. गाण्याची चाल नेमकी उचलली. ज्या दुखण्यातून ते गाणे उगवले ते तेवढे गाळले. माझी तक्रार एवढीच आहे. नाच करा, हजारदा करा; पण खालची जमीन काढून घेतली तर उरते ती नुसती झिंग.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याचे गाणे ध्वनिमुद्रित करून विकायचे, तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते, मानधनही आगाऊ भरावे लागते. परंतु कायदा मालकाचे राखतो. इथे मालक आणि नक्कल करणारा एकच, मग तक्रार करणार कोण?

हे सारे मला इतके का लागावे, असे मित्र विचारतात. मी गुडीहत्नूरचा. आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जिथून उटनूरचा फाटा फुटतो, ते आमचे गाव. १९५६ साली किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले. आमचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. आमच्याकडे पाट्या तेलुगू, बाजार तेलुगूत, गोंडीत, उर्दूत, आणि घरात मराठी. लग्नाच्या वरातीत डीजेवाला हिंदी 'झिंगाट' लावतो, तेव्हा तेलुगू पोरे, गोंड पोरे, आम्ही, सगळे एकत्र नाचतो, हे मला आवडते. पण त्या घोळक्यात एखादा आमचा मावसभाऊ "मराठीतले लाव रे!" म्हणून ओरडतोच. हा हट्ट निव्वळ भाषेच्या अभिमानाचा आहे, असे मला वाटत नाही. त्याला ते गाणे त्याच्या गोष्टीसकट हवे असते. आमच्याकडेही वरातीत कोणी कुठवर नाचायचे, हे कधी कधी जात ठरवते.

या नियतकालिकाला दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. मराठीवाले आपली पाने वाचतात, कन्नडवाले आपली. मधले पान उलटण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. 'सैराट'चे कन्नड रूप 'मनसु मल्लिगे' मार्च २०१७ मध्ये, 'धडक'च्याही आधी आले. दिग्दर्शक एस. नारायण, संगीत अजय-अतुल यांचेच, आणि नायिका म्हणून स्वतः रिंकू राजगुरूच तिथे उभी होती. म्हणजे या गाण्याची पहिली शेजारीण हिंदी नव्हे, कन्नड. तिथे त्या तालाखालची जमीन राहिली की गेली, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, मला ती भाषा येत नाही. कन्नड विभागातील एखाद्या मित्राने पुढच्या अंकात यावर जरूर लिहावे. तो लेख मी कोणाला तरी शेजारी बसवून वाचून घेईन.