पाटी लावली की जबाबदारी संपली?

‘अर्धवट गेम जाणूनबुजून घेणाऱ्यांनी कुरकुर करू नये’, हे गेल्या अंकातलं पत्र पटलं नाही. गेम अपूर्ण असल्याची सूचना असते, कबूल. पण ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ हा रॉकेट उडवण्याचा गेम फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला) आला तोच ५० डॉलरला! वसाहती, दूरचे तारे, मल्टिप्लेअर सगळं ‘पुढे येणार’. २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या स्टुडिओत कर्मचारी कपात झाली, अपडेट थांबले. विक्री मात्र चालूच राहिली. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात परतावा मिळतो तो १४ दिवसांत, तेही दोन तासांहून कमी खेळलं असेल तरच. तेवढा वेळ रॉकेट कोसळताना बघण्यातच जातो. अर्धवट फ्लॅट घेणाऱ्याला निदान महारेराचं दार तरी असतं. ‘बाल्डर्स गेट ३’ही अर्ली ॲक्सेसमध्येच आला होता, पण लारियन स्टुडिओने तो पुरा करून दिला; तेव्हा तक्रार अर्ली ॲक्सेसबद्दल नाहीच, काम थांबवूनही विक्री चालू ठेवण्याबद्दल आहे.
– एक वाचक, नाशिक